विठ्ठलवाडीकरांना जाहीर आवाहन : सांभाळणाऱ्यांनाही सांभाळा

कल्याण सोडलं की कर्जतच्या दिशेनं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. याच रेल्वेमार्गावर एकीकडे ठाणं आहे. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातलीच. दुसरीकडे कर्जतला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून ते त्यांच्या घरी पोचवतं. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे उपचार लोकलच्या अंतरावर आहेत. पण औषधाची पिशवी घेऊन माणूस परततो तो घरी, आणि पुढची कित्येक वर्षं त्याला सांभाळतं ते घरच.

वन-रूम-किचनच्या घरात आजार एकट्याचा राहत नाही. मुलगा रात्री येरझारा घालत असेल, तर पहाटेची लोकल पकडणाऱ्या बापाचीही झोप जाते. आई चहाबरोबर गोळी देते आणि ती गिळली जाईपर्यंत समोर उभी राहते. तिची स्वतःची बीपीची गोळी मात्र राहून जाते. धाकटीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘पाहुण्यांना काय सांगायचं?’ हा प्रश्न उभा राहतो. हळूहळू हळदीकुंकवाला जाणं थांबतं, नातेवाइकांना बोलावणं थांबतं.

शरीराच्या जुनाट आजारांतही हेच घडतं. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, दर वेळी चारेक तास, शिवाय जाणं-येणं. सोबत जाणाऱ्याच्या रजा संपतात, मग पगार कापला जातो. अर्धांगवायू झालेल्याला कूस बदलून देणारी सून स्वतःच्या कंबरदुखीबद्दल कुणाला सांगत नाही. मधुमेहासारख्या दीर्घ आजारात नैराश्य येण्याचं प्रमाणही अधिक असतं. एका आजाराचे दोन व्हायला वेळ लागत नाही.

इथे एक संशोधन महत्त्वाचं ठरतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियातून सावरून घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. ज्या घरांत सतत टोमणे, राग किंवा अतिकाळजी होती, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. याचा दोष घरच्यांच्या माथी मारणं चूक ठरेल. टोमणा बहुतेक वेळा थकव्यातून येतो. रात्र-रात्र जागलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा कशी करायची? म्हणून घरच्यांना आजाराची नीट माहिती आणि थोडी उसंत मिळणं, हा उपचाराचाच भाग आहे.

डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हे घरातच अनुभवलं. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या वाणींच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. पुढे पुण्यात त्यांच्या पुढाकारानं ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली आणि रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलू लागले. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून आला. आजारी भाऊ आणि स्वतःचा संसार यांत ओढली जाणारी बहीण त्यात मराठी प्रेक्षकांनी पाहिली.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर दहा प्रौढांपैकी साधारण एकाला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. प्रत्येकानं आपल्या इमारतीतली बिऱ्हाडं मोजून पाहावीत.

कायदा या कुटुंबांच्या बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजाराचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. हे कागद जमवायला मात्र वेळ लागतो, आणि तोच या घरांकडे नसतो.

म्हणून विठ्ठलवाडीतल्या सोसायट्या, चाळ कमिट्या, गणेश मंडळं, भजनी मंडळं आणि बचत गटांना हे आवाहन आहे. आपल्या आवारातल्या अशा घरी जावं, पण चौकशी करायला नव्हे. आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसावं, म्हणजे आईला स्वतःच्या तपासणीला जाता येईल. ओपीडीच्या रांगेत सोबत करावी. प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज कॉलेजातल्या मुलांनी भरून द्यावा. महिन्यातून एकदा मंडळाची खोली किंवा सोसायटीचं ऑफिस अशा कुटुंबांना आपापसांत बोलायला मोकळं करून द्यावं; तिथलं बोलणं जिन्यावर आणू नये. ‘वेडा’ हा शब्द मुलांच्या तोंडी आला, तर मोठ्यांनी तिथल्या तिथे थांबवावं. गोळ्या बंद करून अंगारे-धुपारे करण्याचा सल्ला कुणीही देऊ नये.

आणि आजच एक काम करावं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. रुग्णाप्रमाणेच त्याला सांभाळणाऱ्यानंही तिथे फोन करावा. १४४१६ हा तिचा क्रमांक प्रत्येक इमारतीच्या नोटीस बोर्डावर ठळक अक्षरांत लावावा.