झिजेची नोंद

बँकेत असताना तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या तपासणीसाठी मला वरचेवर जावे लागे. नजरगहाण घेतलेली यंत्रे जागेवर आहेत का, आणि असल्यास ती खरोखर चालतात का, हे पाहायचे असे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्याच वर्षी मला सांगून ठेवले होते, “यंत्राचा रंग पाहू नका, हाताची जागा पाहा.” रोज चालणाऱ्या लेथचे चाक जिथे कारागीर धरतो तिथे लख्ख घासलेले असते. तपासणीच्या आदल्या दिवशी रंगाचा हात फिरवलेल्या यंत्राची तीही जागा रंगलेली असते आणि तिथेच बिंग फुटते.

निवृत्तीनंतर वाणगावच्या घरी विमानांच्या लघुप्रतिकृती जोडण्याचा छंद जडला, तेव्हा हा धडा पुन्हा कामी येईल असे वाटले नव्हते. प्रतिकृती जोडून व रंगवून झाली की तिच्यावर वापराच्या खुणा उमटवायच्या असतात. छंदिष्ट मंडळी त्याला ‘वेदरिंग’ म्हणतात. नवा माल मुद्दाम जुना करायचा, ही कल्पना व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला सहज पटणारी नाही. मलाही ती पटायला वेळ लागला.

विमान निवडले ते नौदलाचे ‘सी हॉक’. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा मुलांना घेऊन आम्ही ती पाहिली होती. पुढे ते संग्रहालय बंद झाले, नौका भंगारात निघाली. १९७१ च्या युद्धात हिच्याच धावपट्टीवरून ४ डिसेंबर रोजी सी हॉक विमाने कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ल्यासाठी उडाली. प्रत्यक्षात सुमारे बारा मीटर लांबीचे हे विमान १:७२ प्रमाणात जेमतेम सतरा सेंटिमीटर भरते.

पहिला प्रयत्न पुरता फसला. समुद्रावरचे विमान म्हणजे गंजलेले असणारच, या समजुतीने मी आणि नातवाने पंखांच्या सांध्यांतून तांबूस रंगाचे ओघळ काढले. चिंचणीच्या किनाऱ्यावर खिडक्यांच्या गजांची काय दशा होते ती आम्ही पाहतोच! आमच्या शेजारी नौदलात विमानांची देखभाल केलेले एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मोठ्या हौसेने त्यांना प्रतिकृती दाखवली. चष्मा वर करून ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, असं विमान आमच्या हातून बाहेर पडलं असतं, तर आमची नोकरी गेली असती.”

मी ओशाळलो. विमानाचा सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, त्यावर पांढरट करडी भुकटी येते. भांड्यांच्या धंद्यातल्या वाचकांना हे मी सांगायला नको. शिवाय खारे पाणी धातूचा वैरी, म्हणून तर नौदलात गोड्या पाण्याने धुणे, पुसणे, सांध्यांना गंजरोधक लावणे हे अव्याहत चालते. तात्यांच्या तरुणपणाची कित्येक वर्षे ज्या कामात गेली, तेच आमच्या तांबड्या ओघळांनी खोटे ठरवले होते.

सगळा रंग उतरवून पुन्हा आरंभ केला. या वेळी आधी तारीख ठरवली. ताळेबंदाला जशी ‘३१ मार्च अखेर’ अशी तारीख लागते, तशी वेदरिंगलाही लागते. आम्ही डिसेंबर १९७१ चा मध्य धरला. म्हणजे काही दिवसांच्या धावपळीची काजळी हवी, वर्षानुवर्षे उन्हाने विटलेला रंग नको. गोव्याला बोगमाळो रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात सी हॉक पाहता येते, पण ते उघड्यावर असल्याने त्याच्यावर दिसतो तो पावसाळ्यांचा हिशेब, युद्धाचा नव्हे.

मग प्रत्येक खुणेला कारण विचारू लागलो. सी हॉकला एकच इंजिन, परंतु त्याचा धूर शेपटीतून निघत नाही; नळी दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर येते. म्हणून काजळी त्या दोन तोंडांच्या मागे, विमानाच्या कुशीवर. तिथे काळ्या खडूची वस्त्रगाळ पूड बोटाने मागच्या दिशेने ओढली. शेपटीखालचा आकडा उतरताना धावपट्टीवरील तारेत अडकतो. त्याचे टोक चंदेरी पेन्सिलीने उघडे केले. पंख वर दुमडतात, तेथील बिजागऱ्यांपाशी तेलाचे किंचित डाग दिले. पत्र्यांच्या सांध्यांत टर्पेंटाइनने अगदी पातळ केलेला गडद तैलरंग सोडून वरचा कापसाने टिपून घेतला. त्यापूर्वी चकचकीत वार्निशचा थर द्यावाच, नाहीतर काळपटपणा सर्वत्र पसरतो. हात आवरावा लागतो तो ओरखड्यांपाशी. प्रतिकृतीवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा प्रत्यक्षात ३६ मिलिमीटरचा होतो. असे वीस ओढले की विमान मोडीत काढण्याच्या लायकीचे दिसू लागते. (जाता जाता : चांगले म्हणून विकले जाणारे ब्रश बहुधा खारीच्या किंवा तत्सम प्राण्यांच्या केसांचे असतात. आमचे सगळे ब्रश नायलॉनचे आहेत आणि काम कुठेही अडलेले नाही.)

तात्यांनी दुसरी प्रतिकृती हातात घेतली, उलटी करून पाहिली, आणि बिजागरीजवळच्या तेलाच्या एका डागावर बोट ठेवून एवढेच म्हणाले, “हा पुसायचा राहिला होता वाटतं.” मी तो तसाच ठेवला.

सौभाग्यवतींची एकच अट होती, की घरात बॉम्ब नकोत. मला ती रास्त वाटली. पंखांखालच्या जागा रिकाम्याच ठेवल्या. परंतु नाकाखाली चार तोफांची तोंडे आहेत आणि तिथेही झाडल्याची काजळी येते. नातवाने विचारले, “आजोबा, बॉम्ब नाहीत, मग ही काजळी पण काढायची का?” ब्रश हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. आम्ही धरलेल्या तारखेपर्यंत त्या विमानांनी हल्ले केलेले होते. काजळी राहू दिली.

प्रतिकृती आता बैठकीतल्या कपाटात आहे. सकाळी कपाट पुसताना सौभाग्यवती विमानाचे नाक भिंतीकडे करून ठेवतात. वर्तमानपत्र वाचून झाले की मी ते पुन्हा फिरवतो.