फुकटातल्या ऑपरेशनची वही

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे ऑफिस, मुलीची शाळा वगैरे नेहमीची कारणं होतीच. पण परवा एका मुंजीत पंगतीला बसले असताना आमच्या एका काकांनी एक वाक्य टाकलं आणि घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. विषय माझ्या चुलतबहिणीचा होता. "तिचं काय, सगळं फुकटात झालं की! आणि थायरॉईडचा म्हणजे तसा चांगलाच कॅन्सर."

पंगतीत भांडू नये म्हणून मी मसालेभात चिवडत गप्प बसले. इथे मात्र भांडणार आहे. काका हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. ताईला विचारूनच लिहितेय. तिने तर खर्चाच्या वहीच्या पानांचे फोटोच पाठवलेत.

आधी जे चांगलं झालं ते सांगते, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात ताईची थायरॉईड ग्रंथी काढली. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसलं आणि ऑपरेशनचा एक रुपया कुणी घेतला नाही. तेव्हा त्या योजनेत कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता ती पाच लाख आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही उरलेली नाही. काकांचं 'चांगला कॅन्सर' हेही अगदीच चूक नाही. थायरॉईडच्या कॅन्सरचा जो सर्वात जास्त आढळणारा प्रकार आहे, पॅपिलरी, त्यात दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण हयात असतात.

पण काका, माणूस जगतो म्हणूनच खर्चही जगतो ना! आणि हा खर्च हॉस्पिटलच्या कॉटवर होत नाही.

वहीचं पहिलं पान बघा. ऑपरेशननंतर पुढची पायरी असते रेडिओ-आयोडीनची. उरलेल्या पेशींनी ते आयोडीन शोषून घ्यावं म्हणून शरीरातलं टीएसएच मुद्दाम वाढू द्यावं लागतं. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, लागोपाठ दोन दिवस दोन इंजेक्शनं. ती आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. दुसरा मार्ग स्वस्त, म्हणजे थायरॉईडची गोळी सुरूच करायची नाही आणि चार-पाच आठवडे शरीराला तसंच राहू द्यायचं. ताईच्या वाट्याला अर्थातच स्वस्त मार्ग आला. ऐन मे महिन्यात ती अंगावर चादर घेऊन बसायची. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, डाळीला फोडणी दिली की नाही तेही आठवायचं नाही. आणि राजापूरच्या पुढे एप्रिल-मे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आंब्याचा सीझन! पेट्या भरायच्या कामावर तिची वर्षाची निम्मी कमाई असते. वहीत एवढंच लिहिलंय : 'आंबा – शून्य.' भावोजी तिच्यासोबत मुंबईत, म्हणून त्यांचीही मजुरी शून्य. जो इंजेक्शन विकत घेऊ शकतो तो पैसे देतो. जो घेऊ शकत नाही तो चार आठवडे स्वतःचं शरीर देतो. दुसऱ्याला आपण फुकट म्हणतो.

आता दुसरं पान. हे लिहिताना मला लाज वाटते.

रेडिओ-आयोडीन घेतलेल्या माणसाच्या अंगातून काही दिवस किरणोत्सर्ग होत असतो. म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. पातळी उतरली की घरी सोडतात, पण लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून काही दिवस लांब राहायला बजावून. ताई सुटली तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती आणि आमचं डोंबिवलीचं घर वन रूम किचन. मी ताईला घरी आणलं नाही. आणूच शकत नव्हते, असं अजून स्वतःला सांगते. धर्मशाळेत दाटीवाटीने माणसं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला तिकिटाची सवलत आहे आणि ती खरोखर मोठी आहे, पण भरलेल्या डब्यात दहा-बारा तास शेजाऱ्याला खेटून कसं जायचं? शेवटी भाड्याची गाडी केली. मागच्या सीटवर एका कोपऱ्यात बसून ताई घरी पोचली. मुलं आधीच आजोळी पाठवली होती. पडवीत वेगळी ताट-वाटी घेऊन ती राहिली. गाडीचे साडेनऊ हजार, काकूंची पाटली मोडून.

मला संताप येतो तो इथे. हे आयोडीन काय साधं औषध आहे? ते ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं. त्याची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते, त्यामुळे ते वेळेवर तयार करून, शिशाच्या डब्यात घालून, ठरलेल्या दिवशी रुग्णापर्यंत पोचवावं लागतं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. म्हणजे हे सगळं करायला आपल्या सरकारला येतं, आणि गेली कित्येक दशकं येतं! अणुभट्टीतून औषध काढून दिवस मोजून पोचवणाऱ्या देशाला बाटलीतली एक गोळी राजापूरपर्यंत पोचवता येत नाही, यावर मी विश्वास कसा ठेवू?

कारण पुढची सगळी पानं त्या गोळीचीच आहेत. लेव्होथायरॉक्सिन, रोज सकाळी उपाशीपोटी, मरेपर्यंत. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत ती आहे. पण तालुक्याच्या सरकारी खिडकीवर ताईला बहुतेक वेळा 'संपली, पुढच्या आठवड्यात या' हेच ऐकायला मिळालं. गोळी स्वस्त आहे हो, काका! पण सोबत कॅल्शियम आहे, कारण ऑपरेशनमध्ये शेजारच्या ग्रंथींनाही धक्का बसला. व्हिटॅमिन डी आहे. टीएसएच, थायरोग्लोब्युलिनच्या तपासण्या आहेत, सोनोग्राफी आहे, मुंबईच्या फेऱ्या आहेत. २०२१ मध्ये पैशांची ओढाताण झाली तेव्हा ताईने कुणाला न सांगता गोळी अर्धी करून घ्यायला सुरुवात केली. या आजारात ती गोळी नुसती थकवा घालवायला नसते. टीएसएच वाढलं तर मागे राहिलेल्या पेशींना खत मिळतं, ते मिळू नये म्हणूनही ती असते. तपासणीत टीएसएच भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टर तिच्यावर ओरडले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. अर्धी गोळी का, हे कुणी विचारलं नाही.

आता हिशेब बघा. केंद्राच्या जन आरोग्य योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरतात. ओपीडी धरतच नाहीत. ताईला ऑपरेशन होऊन सहा वर्षांहून जास्त काळ झाला. म्हणजे आजार आयुष्यभराचा आणि योजना पंधरवड्याची! सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी खिशातून केला, आणि त्यात बुडालेली मजुरी धरलेलीच नसते. त्याच वर्षी सरकारचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं वचन होतं. मर्यादा पाच लाखांची करा नाहीतर पन्नास लाखांची, ताईच्या वहीतली एकही ओळ त्याने पुसली जात नाही.

मी काय मागतेय? चंद्र नाही मागत. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नावानिशी. रक्त तालुक्याला घ्या, नमुना मुंबईला पाठवा, माणसाला पाठवू नका. रेडिओ-आयोडीननंतर ज्यांच्या घरी वेगळी खोली नाही त्यांना आठवडाभर राहायला जागा. आणि शक्य झालं तर त्या चार आठवड्यांची मजुरी. अणुभट्टीच्या मानाने हे सगळं फारच सोपं आहे.

काका, रागावू नका. तुम्ही एकटेच असं बोलता असं नाही. ऑपरेशनचं बिल शून्य आलं की मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला होता. वही मला आत्ता कळली.

असो. काल फोनवर ताई म्हणाली, वहीची पानं संपत आलीत, नवी आणायला हवी. मी म्हटलं, आणतेसच तर दोनशे पानी आण.