कादंबरी, बोलपट आणि न्याय

गेल्या पंधरवड्यांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. कॉलेजांत शिकणारा आमचा पुतण्या 'गाइड' हा जुना हिंदी चित्रपट पाहून नुकताच उठला होता. आमच्या वहिनींनीं कपाटांतून आर. के. नारायण यांची मूळ कादंबरी काढून त्याच्यापुढें ठेवली. तो हंसून म्हणाला, "आई, आतां ही कशाला वाचूं? गोष्ट तर मला ठाऊक झाली!"

वहिनींनीं विचारलें, "शेवटीं पाऊस पडतो का रे?"

"पडतो तर! धो धो पडतो."

"मग तुला गोष्ट ठाऊक नाहीं," एवढें बोलून वहिनी आवराआवर करावयास निघून गेल्या. त्या एका वाक्यानें आम्हांस मात्र या महिन्याचा विषय दिला. चांगल्या कादंबरीवरून बोलपट काढला, तर तो तिला न्याय देतो काय? आणि न्याय दिला, असें म्हणावयाचें तरी केव्हां?

प्रश्न नवा नाहीं. १९३७ सालीं 'प्रभात'चा 'कुंकू' पडद्यावर आला, तो नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरूनच. वृद्ध विधुराशीं फसवून लग्न लावून दिलेल्या तरुण नीरेची ही कथा. शांतारामबापूंनीं या चित्रपटांत पार्श्वसंगीत असें ठेवलेंच नाहीं. घरांत जे आवाज सहज असावयाचे तेवढेच ऐकूं येतात. त्यांत जुन्या घड्याळाचे ठोके काकासाहेबांच्या सरत्या वयाची आठवण करून देतात. लेखकास जेथें पानभर लिहावें लागेल, तेथें पडद्यावर एक घड्याळ पुरतें. तेव्हां बोलपट हें कादंबरीचें धाकटें भावंड आहे, असें मानून चालण्याचें कारण नाहीं. त्याची भाषा निराळी आहे, इतकेंच.

सुशिक्षित वाचकाची नेहमींची तक्रार असते ती ही, कीं अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र उडविलें, शेवट फिरविला. ही तक्रार आम्हांस फारशी पटत नाहीं. तीन-चारशें पानें दोन-अडीच तासांत बसवावयाचीं म्हणजे गाळागाळ आलीच. काय गाळलें, याची यादी करून न्यायाचा निवाडा होत नसतो. काय राखलें, हें पाहावें लागतें.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली' १९२९ सालीं पुस्तकरूपानें निघाली आणि १९५५ सालीं सत्यजित राय यांनीं तिचा चित्रपट केला. राय यांनीं मुळांत थोडेथोडके फेरफार केलेले नाहींत. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरून फार लवकर मरते. चित्रपटांत ती पुष्कळ पुढेंपर्यंत जगते. कादंबरी काशीपर्यंत जाते. चित्रपट मात्र कुटुंब गांव सोडून निघतें तेथें थांबतो. सर्वांत मोठा फेरफार आगगाडीचा. पुस्तकांतील दुर्गेच्या नशिबीं आगगाडी पाहणें नाहींच. चित्रपटांत भाऊ-बहीण कासाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धांवत जातात आणि धूर सोडीत गाडी समोरून निघून जाते. बिभूतिबाबूंच्या एकाद्या निष्ठावंत वाचकानें येथें कपाळास हात लावावा, अशीच ही गोष्ट आहे.

तरीही या चित्रपटानें कादंबरीवर अन्याय केला, असें आम्हांस म्हणवत नाहीं. दारिद्र्यांत वाढणाऱ्या दोन मुलांना जग किती नवें आणि किती मोठें वाटतें, हा त्या पुस्तकाचा प्राण आहे आणि तो येथें शाबूत आहे. दुर्गा गेल्यानंतर घरीं परतलेला बाप तिच्यासाठीं आणलेलें लुगडें पुढें करतो. आई तें तोंडाशीं धरून कोसळते. पण तिचा आक्रोश आपल्या कानीं पडत नाहीं, त्याच्या जागीं तारशहनाईचा आर्त स्वर उठतो. हें पुस्तकांत नाहीं, असूंही शकत नाहीं. मुळांतल्या दुःखाला राय यांनीं आपल्या भाषेंत वाट करून दिली. आमच्या मतें हाच न्याय.

आतां 'गाइड'कडे वळूं. कादंबरी १९५८ सालची. विजय आनंद यांनीं दिग्दर्शित केलेला चित्रपट १९६५ सालचा. वहीदा रेहमान यांचें नृत्य आणि सचिनदेव बर्मन यांचें संगीत यांनीं तो अविस्मरणीय केला आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. मालगुडी सोडून कथा उदेपूरला नेली, याचेंही आम्हांस वैषम्य वाटत नाहीं, जरी खुद्द नारायण यांनीं आपली नापसंती पुढें एका लेखांत स्पष्ट सांगितली. आमची तक्रार आहे ती दोन ठिकाणीं.

पहिलें ठिकाण पावसाचें. तुरुंगांतून सुटलेला राजू ओसाड देवळांत बसतो, गांवकरी त्याला साधु समजतात आणि अवर्षणांत पावसासाठीं उपोषण करण्याची वेळ त्याच्यावर येते. कादंबरीच्या शेवटीं तो नदींत उभा राहून दूर डोंगरांत पाऊस आल्याचें सांगतो आणि खालीं बसतो. पाऊस खरोखर आला कीं नाहीं, राजू मेला कीं जगला, हें नारायण सांगत नाहींत. सोंग आणतां आणतां माणूस खरा झाला काय, हा प्रश्न ते वाचकाच्या हवालीं करून बाजूस होतात. चित्रपटांत पाऊस कोसळतो, राजू देह ठेवतो आणि प्रश्नच मिटतो. प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. वाचक मात्र अंथरुणावर पडल्यावरही विचार करीत राहतो.

दुसरें ठिकाण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. रोझीचा नवरा मार्को हा कादंबरींत जुन्या लेण्यांच्या अभ्यासांत बुडालेला एक विद्वान आहे. तो व्यसनी नाहीं, बाहेरख्यालीही नाहीं. बायकोच्या जिवाचा विसावा जें नृत्य, त्याची त्याला कवडीचीही किंमत वाटत नाहीं, एवढेंच. रोझीही निर्दोष नाहीं. ती राजूच्या नादीं लागते आणि तें कळल्यावर मार्कोच तिला टाकून निघून जातो. चित्रपटानें हें सारें उलटें केलें. तेथें मार्को परस्त्रीच्या संगतींत सांपडतो आणि रोझी त्याला सोडते. नायिकेविषयीं प्रेक्षकांचें मन कलुषित होऊं नये, म्हणून नवऱ्याला दुर्गुणी ठरवावें लागलें.

ही तडजोड साधी दिसते. परंतु तिचा अर्थ काय होतो, हें पाहावें. नवरा दुर्वर्तनी असेल तरच बायकोचें दुःख खरें; तो सज्जन असेल तर तिला दुःख असण्याचें कारणच काय? कादंबरीनें नेमका हाच समज खोडून काढला होता. चांगल्या घरांत, चांगल्या माणसाच्या शेजारीं राहूनही एकादीचा जीव गुदमरूं शकतो, हें नारायण यांनीं कोणाला खलनायक न करतां सांगितलें. तें सांगण्याचा धीर चित्रपटाला झाला नाहीं. प्रसंग गाळणें हा अन्याय नव्हे. कादंबरीनें विचारलेला अवघड प्रश्न सोपा करून टाकणें, हा अन्याय होय.

यावर कोणी म्हणेल, कीं बोलपट हजारों अशा लोकांपर्यंत पोंचतो, ज्यांच्या हातीं पुस्तक कधींच पडणार नाहीं. त्याचें कांहींच मोल नाहीं काय? मोल आहेच. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'नें १९५३ सालीं किती घरांतल्या आयाबायांना रडविलें आणि शहाणें केलें! राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट. तरीही साने गुरुजींचें पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेलें आहे, हें विसरूं नये. एका रात्रीं एक आठवण सांगावी आणि थांबावें, अशी त्याची ठेवण आहे. अळणी भाजीची गोष्ट वाचून झाली कीं दिवा मालवावा आणि मुलांनीं दुसऱ्या दिवशीं पानांत पडलेलें मुकाट्यानें खावें, हा त्या पुस्तकाचा खरा प्रयोग. तो चित्रगृहांत होत नाहीं. बोलपट आपल्या वेगानें आपल्याला नेतो. पुस्तक आपल्या वेगानें आपल्याबरोबर चालतें.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें एवढेंच, कीं बोलपट अवश्य पाहावेत, सर्वांनीं मिळून पाहावेत. परंतु ज्या घरांत मूळ पुस्तक आहे, त्या घरांत तें कपाटांत कोंडून ठेवूं नये. दोहोंत कोठें फरक पडला आणि तो कां पाडला, हें मुलांना शोधूं द्यावें. त्या शोधांतून त्यांना वाङ्मय तर कळेलच, पण समाजाला काय ऐकवत नाहीं, हेंही कळेल.

आमच्या पुतण्यानें अखेर ती कादंबरी वाचली. आठ दिवसांनीं पानावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आई, मार्को तसा वाईट नव्हताच कीं!"

"नव्हताच," वहिनी वाढतां वाढतां म्हणाल्या. "म्हणून तर वाचावयास दिली."

पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. आमच्या वहिनी लग्नापूर्वीं सात वर्षें गाणें शिकत होत्या. आमच्या घरीं त्यांस कोणीं बंदी केली नाहीं. आमचे बंधु तर देवमाणूस. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत त्यांच्या तंबोऱ्याचें काय झालें, असें आमच्यापैकीं एकानेंही त्यांना विचारलेलें नव्हतें. त्या रात्रीं तें पुतण्यानें विचारलें. चित्रपटानें त्याला जें सांगितलें नव्हतें, तें पुस्तकानें सांगितलें होतें.