तारीख तेवढी खरी ठेवा!

परवा आमच्या गावातल्या एका मसाला कंपनीत गेले होते. तिथे मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बऱ्याचशा बायका आमच्या बचत गटातल्याच. बघते तर काय, पंचविशीतला एक मुलगा हातात जुना हँडीकॅम घेऊन त्यांच्याभोवती फिरतोय! माझ्या लग्नात, 2003 साली, मुंबईच्या आतेभावाने असाच एक आणला होता. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती!

"काय चाललंय रे?" मी विचारलं.

"काकू, पडद्यामागचा व्हिडिओ. मसाला कसा तयार होतो ते दाखवायचंय. मोबाइलवरचं फार गुळगुळीत दिसतं. यातलं लोकांना खरं वाटतं."

आधी हसूच आलं. पण थोडा वेळ बसून पाहिलं आणि पटलं. मोबाइल समोर धरला की आमच्या बायका पदर तोंडावर घेतात. 'आत्ता हे कुठं जाईल, कोण बघेल' ही धास्ती. हँडीकॅमची त्यांना भीती नाही. तो लग्नाबारशातला, घरचा. एक मावशी तर हाताला तेल चोळता चोळता (नाहीतर मिरचीने रात्रभर आग होते हो!) सुनेची तक्रार सांगत बसल्या, कॅमेरा चालू आहे हे विसरूनच. शिवाय कॅसेट एक तासाची. त्यामुळे तो मुलगाही उगीच शंभरदा 'परत करा, परत करा' म्हणत नव्हता. चित्र जरा धूसर, चौकोनी, पण ठसका लागून हसणाऱ्या बायका त्यात अगदी जशाच्या तशा दिसत होत्या.

तरीही मैत्रिणींनो, दोन गोष्टी मला खटकल्या.

पहिली, ती कोपऱ्यातली तारीख. कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी केव्हाच संपलेली, त्यामुळे घड्याळ भलतंच दाखवत होतं. हा पठ्ठ्या म्हणाला, "1998 टाकतो, छान दिसेल!" अरे, कंपनी सुरू झाली 2011 साली! खरं वाटावं म्हणून जुना कॅमेरा आणायचा आणि त्यावर तारीख खोटी टाकायची? जुन्या काळाची हौस असू दे, पण गिऱ्हाइकाला पंचवीस वर्षांची परंपरा भासवायची ही लबाडीच झाली.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. देठ खुडायचे पैसे किलोवर मिळतात. 'जरा इकडे बघा, परत हसा' यात दोन तास गेले. त्या दोन तासांचे किलो कोण भरून देणार? 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. तिथे पापड लाटणारी बाई सभासद, म्हणजे मालकीणच. तिने कॅमेऱ्यासमोर वेळ घालवला तर तो तिच्याच धंद्यासाठी. आमच्या बायकांचं तसं नाही. चेहरा त्यांचा, मसाला कंपनीचा, आणि त्या दिवशीची मजुरी मात्र कमी! पडद्यामागचं दाखवायचं म्हणता, तर हा हिशोबही पडद्यामागचाच आहे.

आणि विचारायला नको का? कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तासाला तासच लागतो, म्हणजे सगळं एकदा डोळ्याखालून जातंच. मग तेव्हाच बायकांना बोलवा. मी तसं सुचवलं. ऑफिसातल्या जुन्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी जोडून त्याने खरंच सगळं दाखवलं. काय हशा पिकला म्हणून सांगू! पण त्या मावशी एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, "ताई, सुनेचं तेवढं काढायला सांगा. घरात भांडण नको." पोराने लगेच ते काढलं, तारीखही बंद केली. गुणी आहे तो.

मजुरीचं मात्र मालकांनी नुसतं 'बघतो' म्हटलंय. गुरुवारी पगार वाटतात, तेव्हा आम्ही चौघी जाऊन पुन्हा विचारणार आहोत.