कुत्रा रस्त्यात बसला, म्हणजे आळशी नव्हे!

कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या टेकडीवर सकाळी धावायला जाणारे काही जण घरच्या कुत्र्यालाही सोबत नेतात. मालक पुढे ओढतो, कुत्रा चारही पाय रोवून बसतो. ‘लाडावलाय’ म्हणत पट्टा खेचण्याआधी त्याचा नकार समजून घ्यायला हवा.

तो का थांबतो?

आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. शरीरातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं, तर उष्माघात जिवावर बेतू शकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका जास्त. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात.

काय करावं?

• तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर घरी परता.
• उन्हं चढण्याआधी निघा, पाणी सोबत ठेवा.
• एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. झाडांचे वास घेऊ द्या.
• धावणारा कुत्रा अचानक थांबू लागला, तर पशुवैद्यांना दाखवा.

काही कुत्री मालकाची साथ सुटू नये म्हणून कोसळेपर्यंत धावतात. त्यापेक्षा वेळीच बसणारा शहाणा. फिटनेसचा संकल्प आपला असतो, त्याचा नाही. त्याला फक्त आपल्यासोबत फिरायचं असतं.