सुट्या भागाची खरी किंमत

मोटारसायकलीचा एखादा भाग झिजला तर तो कोठून विकत घ्यावा, हा प्रश्न अग्रलेखाच्या पानावर चर्चिण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. परंतु २०२४-२५ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक हौसेखातर घेतलेल्या नाहीत. शिक्षकाची शाळा, दूधवाल्याचा रतीब, तलाठ्याचा सजा आणि घरोघर पार्सले पोचविणाऱ्या तरुणाची रोजची कमाई त्यांच्यावर अवलंबून असते. अशा गाडीचा ब्रेक किंवा क्लच हा त्या कुटुंबाच्या भांडवलाचाच घटक होय. मात्र हे भांडवल राखण्यासाठी लागणारा माल आपण ज्या बेफिकिरीने विकत घेतो, त्या बेफिकिरीने घरातली तूरडाळही घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी घाट उतरत असता त्याच्या गाडीच्या मागच्या ब्रेक शूचा लायनर सुटून आला. चाक जागच्या जागी अडकले, तो पडला, मनगट मोडले आणि दीड महिना काम बुडाले. तो शू बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. मेकॅनिकने तो जवळच्या दुकानातून आणविला होता. खोके कोणी पाहिले नव्हते, बिल कोणी मागितले नव्हते. ‘स्वस्ताच्या मोहाने असे होते’ असे आपण अशा वेळी चटकन म्हणतो. येथे तेही खरे नव्हते. मुलाने पैसे मोजले होते ते अस्सल भागाचेच. निकृष्ट माल आणि अस्सल माल यांच्या किमतींतील फरक वाटेत कोठे तरी मुरला होता.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. खराब निघालेल्या मोटारीला अमेरिकन बोलीत ‘लिंबू’ म्हणतात. (आपल्याकडे गाडीला लिंबू बांधतात, त्याचा हेतू अगदी निराळा!) अकेरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे की, मालाचा कस विकणाऱ्यास ठाऊक असेल आणि घेणाऱ्यास नसेल, तर घेणारा चांगल्या मालालाही चांगली किंमत देण्यास कचरतो, आणि मग चांगला माल हळूहळू बाजारातून उठतो. सुट्या भागांच्या बाजारात याच्याही पुढची पायरी आहे. जुनी मोटार घेणारा निदान ती चालवून तरी पाहतो. इंजिनात बसविलेला बेअरिंग गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहतही नाही. त्याच्या वतीने निवड मेकॅनिक करतो, आणि पैसे मात्र गिऱ्हाईक देते.

आपण ‘डुप्लिकेट’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंना लावतो, हा या गोंधळाचा मोठा भाग आहे. एखाद्या लहान कारखानदाराने स्वतःच्या नावाने आरसा, मडगार्ड किंवा पायदानाचे रबर बनविले आणि कमी किमतीस विकले, तर त्यात गैर काहीच नाही. उलट ती निकोप स्पर्धा आहे. गाडी बनविणारी कंपनी तरी सारे भाग स्वतः कोठे बनविते? तिला चेन, प्लग, बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर पुरविणारे कारखाने निराळे असतात आणि त्यांतील कित्येक तोच माल आपल्या स्वतःच्या नावानेही बाजारात आणतात. चिंचवडला बेअरिंगचा कारखाना आहे, छत्रपती संभाजीनगरला शॉक अॅब्सॉर्बर आणि ब्रेक तयार होतात. गाडीच्या कंपनीचे खोके नसले म्हणून असा माल कमअस्सल ठरत नाही, आणि पुष्कळदा तो स्वस्तही पडतो. दुसऱ्याचे नाव छापलेल्या खोक्यात भरलेला भलताच माल ही गोष्ट वेगळी. तो व्यापार नव्हे, फसवणूक होय. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार तिला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही बनावट मालाला स्वतंत्र शिक्षा आहे. आरसा स्वस्तातला घेण्यास माझी हरकत नाही. ब्रेक, क्लच, अॅक्सिलरेटरची केबल आणि इंजिनाच्या पोटातील कोणताही भाग बिलाशिवाय घेऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे.

मग घ्यावयाचे कोठे? अधिकृत विक्रेत्याकडे सुट्या भागांची खिडकी असते आणि गाडी सर्व्हिसिंगला न टाकताही तेथे भाग विकत मिळू शकतो, हे अनेक सुशिक्षितांच्याही गावी नसते. वॉरंटीच्या काळात तर दुसरीकडे जाऊच नये. जाताना चॅसिस क्रमांक आणि जमल्यास जुना भाग बरोबर न्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीचे भाग वर्षागणिक बदलतात. मोठ्या शहरांत याशिवाय जुन्या बाजारपेठा आहेत : पुण्याची नाना पेठ, मुंबईचा ऑपेरा हाऊसचा परिसर, दिल्लीचे करोल बाग. येथे अस्सल मालाचे घाऊक व्यापारी असतात आणि त्यांच्या शेजारीच दुसऱ्या प्रकारचे दुकानही असू शकते. तेथे खोक्यावरचा मजकूर वाचण्याची सवय उपयोगी पडते. भाग क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता, तयार केल्याचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सारे त्यावर छापलेले हवे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे. मात्र छापील किमतीच्या निम्म्यात तो भाग कोणी देऊ लागला, तर आनंद मानण्याऐवजी कारण विचारावे.

घरबसल्या मोबाइलवरून मागविणाऱ्यांनी संकेतस्थळाच्या नावावर विसंबू नये, विक्रेता कोण ते पाहावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे त्याचा तपशील देणे बंधनकारक आहे. भंगार बाजाराचा मार्ग बंद झालेल्या गाड्यांच्या मालकांना टाळता येत नाही. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले, आणि तरीही त्या गाड्या जिवापाड जपणारे लोक गावोगावी आहेत. त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, चोरीचा माल ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. तेथेही पावती घ्यावी.

एवढे सांगून झाल्यावर सारा दोष गिऱ्हाइकावर आणि दुकानदारावर टाकून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गाडी घेताना आपल्याला दहा पर्याय असतात. घेतल्यावर तिच्या भागांपुरते आपण एका कंपनीचे बांधलेले गिऱ्हाईक होतो. विकताना कंपन्यांमध्ये अटीतटीची स्पर्धा आणि विकून झाल्यावर जवळजवळ मक्तेदारी, अशी ही रचना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. अस्सल भाग खुल्या बाजारात आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांस मिळू न देणे स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाने म्हटले. प्रकरण पुढे वरच्या न्यायाधिकरणात व न्यायालयांत गेले. शिवाय तो निकाल मोटारींपुरता होता. दुचाकी त्यात नव्हत्या. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ उघडले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. तेथे माहिती मिळते. माहिती मिळणे आणि तालुक्याच्या गावी क्लच केबल मिळणे यांत अंतर आहे.

त्या अंतराचाही हिशेब मांडावयास हवा. तालुक्यात विक्रीची चकचकीत शोरूम असते, पण भाग मागितला की ‘जिल्ह्याहून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील’ असे उत्तर मिळते. कारकुनाने अर्ध्या दिवसाची रजा टाकून, एस.टी.चे भाडे खर्चून जिल्ह्याला जावे, तर दीडशे रुपयांचा भाग चारशेला पडतो. पार्सले पोचविणाऱ्याचा तर आठ दिवसांचा रोजगारच जातो. समोरच्या दुकानात तोच भाग, किंवा तसा दिसणारा, दहा मिनिटांत मिळत असेल तर तो घेणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही. बनावट माल पुष्कळदा अस्सल मालाच्या गैरहजेरीवर पोसला जातो. जी कंपनी तालुक्यात गाडी विकते, तिने तेथेच निदान ब्रेक, क्लच, केबल आणि चेन यांचा साठा ठेवलाच पाहिजे, अशी अट सरकारने घालावी. तीत अवाजवी असे काही मला दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के झाला; दुचाकीच्या भागांवर तो पूर्वी २८ टक्के होता. बिलाशिवाय विकणाऱ्याला जी सवलत दाखविता येत असे, तिची धार यामुळे निश्चितच कमी झाली आहे. पण माल खिडकीवर नसेल, तर करातील कपातीचा उपयोग काय?

आता मेकॅनिककडे वळू. त्याला खलनायक ठरविणे सर्वांत सोपे, आणि मला वाटते, सर्वांत अन्यायाचे. दोन-दोन तास ग्रीसमध्ये हात घालून काम करणाऱ्याने मजुरीचे तीनशे रुपये सांगितले की, आपण मध्यमवर्गीय मंडळी दीडशेवर घासाघीस करतो. भागाचे सातशे सांगितले तर मुकाट्याने देतो, कारण वस्तूला किंमत असते असे आपण मानतो आणि कौशल्याला ती असते असे मानत नाही. मग उरलेली मजुरी तो भागातून काढतो, आणि ज्या दुकानात कमिशन अधिक, तेथला भाग आणतो. कमिशन सर्वाधिक कोणत्या मालावर सुटते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या ब्रेक शूच्या किमतीतील फरक वाटेत मुरला होता असे वर म्हटले, तो याच वाटेवर.

यावर माझ्यापुरता उपाय मी असा काढला की, भाग स्वतः बिलासह आणावयाचा आणि मेकॅनिकला त्याची मजुरी घासाघीस न करता पूर्ण द्यावयाची. गेल्या महिन्यात चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट घेऊन मी माझ्या नेहमीच्या गॅरेजात गेलो. पंधरा वर्षांचा परिचय; तरी खोके पाहून त्याचा चेहरा जरा उतरला. मी म्हटले, “भागाचे सोडा, तुमच्या कामाचे किती ते सांगा, तेवढे देईन.” त्याने चेन हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, “माल चांगला आणलात, सर,” म्हणाला, आणि कामाला लागला. काम संपल्यावर मी पुन्हा विचारले. तो हात पुसत बराच वेळ उभा राहिला. “तुम्ही द्याल ते,” म्हणाला. नुसत्या मजुरीचा आकडा त्याला कोणी विचारलाच नव्हता.