दोन समीकरणं आणि एक पूर

दरवर्षी आपल्याकडे 'कॅन्सर डिटेक्शन'चे दोन-तीन प्रोजेक्ट हमखास होतात. नेटवरून फोटोंचा डेटासेट उतरवायचा, कुणाचा तरी तयार कोड चालवायचा आणि अचूकता 98 टक्के म्हणून सांगायची. माझा राग नाही (गेल्या वर्षी मीही अशाच ग्रुपमध्ये होतो), पण कॅन्सरमधला खरा गणिताचा प्रश्न आपण बाजूलाच ठेवतो.

एका रेडिएशनचं गणित सोपं आहे. डोस आणि डोसचा वर्ग अशा दोन पदांवर पेशी किती जगतील ते ठरतं. इम्युनोथेरपी आली की दुसरं समीकरण लागतं, लिम्फोसाइटचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं. आणि इथेच गंमत आहे. किरणांनी गाठ फुटली की या पेशींना शत्रूची ओळख पटते, म्हणजे पद अधिक. पण तेच किरण वाटेतल्या रक्तातले लिम्फोसाइटही मारतात, म्हणजे पद उणे. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ड्युरव्हाल्युमॅब हे औषध केमो-रेडिएशन संपल्यावर दिलं तर फायदा होतो, हे 2017 साली दिसलं. तेच औषध सुरुवातीपासून सोबत दिलं तर फायदा दिसला नाही, हे 2024 साली कळलं. औषध तेच, वेळ वेगळी. असं का, हे शोधायला समीकरणंच लागतात.

आता आपल्या भागाचं बघू. घशा-तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं. त्यासाठी पोलादपूरचा माणूस मुंबईला जाऊन राहतो. जुलै 2021 मध्ये महाड पाण्याखाली होतं, पोलादपूरकडचे रस्ते दरडींनी बंद. शनिवार-रविवार घरी आलेला पेशंट अशा वेळी अडकला तर? विदर्स यांनी 1988 साली काढलेल्या अंदाजानुसार साधारण चौथ्या आठवड्यानंतर गाठ इतक्या जोरात वाढते, की रोज सुमारे 0.6 ग्रे डोस तिची वाढ भरून काढण्यातच जातो. चार दिवस चुकले तर 2.4 ग्रे, म्हणजे नेहमीच्या एका दिवसाच्या 2 ग्रेपेक्षा जास्त. एसटी बंद पडल्याचं हे पद मी अजून कुठल्या पेपरमध्ये वाचलेलं नाही.

पैशाचंही पद हवं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नायव्होल्युमॅबचा नेहमीचा 240 मिलिग्रॅमचा डोस सोडून दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिला, तोही गोळ्यांच्या केमोसोबत. 2022 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात 151 रुग्ण होते. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेलं. त्यात रेडिएशन नव्हतं. ते जोडलं तर काय होईल, हा प्रश्न निदान कागदावर तरी आपण मांडू शकतो.

आपलं मॉडेल कुठल्या पेशंटवर वापरता येणार नाही, हे उघड आहे. पण रंगे-कुट्टा शिकून पेपरात लिहिण्यापेक्षा हे बरं. पुढच्या सेमला मी हा विषय घेतोय. ग्रुपमध्ये दोघं कमी आहेत आणि गाइडही मिळायचाय. मॅथ्सच्या सरांनी नाही म्हटलेलं नाही, एवढंच.